अतिवृष्टीची मदत: पंचनाम्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी पात्र सोडून माढा, मोहोळ, करमाळा, परंडा या तालुक्यांतल्या शिवारात घुसली. सोयाबीन गेलं, ऊस झोपला, दावणीची जनावरं वाहून गेली, काही ठिकाणी तर मातीच खरवडून गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. त्यानंतर ७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. एवढा मोठा आकडा ऐकल्यावर प्रत्येक शेतकऱ्याचा प्रश्न एकच होता, माझ्या खात्यात किती आणि कधी?

सरकार किती देणार हे आपल्या हातात नाही. पण पंचनाम्यात आपल्या नावासमोर काय लिहिलं जातं, ते बरंचसं आपल्या हातात आहे. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांचं सारखंच नुकसान होऊनही एकाला दुप्पट रक्कम मिळते आणि दुसरा तहसीलच्या चकरा मारत राहतो. बहुतेक वेळा फरक कागदाचा असतो. म्हणून हा लेख कागदाबद्दल आहे, पाऊस पडण्याआधीच्या कागदापासून.

ही मदत आहे, पिकाची किंमत नाही

आधी अपेक्षा नीट ठेवू. अतिवृष्टीनंतर मिळणारी रक्कम ही निविष्ठा अनुदान म्हणून दिली जाते, म्हणजे बियाणं, खत, मशागत यावर झालेल्या खर्चाला हातभार. ती राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून येते. या निधीत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के असतो, आणि दरही केंद्राच्या निकषांवरून ठरतात. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठी ठरलेले दर असे: जिरायत पिकांना हेक्टरी ८,५०० रुपये, बागायत पिकांना १७,००० रुपये, फळबाग आणि इतर बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये. मर्यादा दोन हेक्टरची. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच पात्र. ३२ टक्के लिहिलं गेलं की हातात काहीच पडत नाही.

राज्य सरकार आपल्या तिजोरीतून यात भर घालू शकतं, आणि इथेच गोंधळ होतो. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने राज्याने दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले होते, मर्यादा तीन हेक्टर. मे २०२५ मध्ये ते मागे घेऊन पुन्हा केंद्राचे दर आणि दोन हेक्टरची मर्यादा लावली. मग ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये मर्यादा परत तीन हेक्टर झाली आणि रब्बीच्या तयारीसाठी हेक्टरी १०,००० रुपये जास्तीचे जाहीर झाले. त्यामुळे मागच्या वर्षीचा दर धरून यंदाचा हिशेब करू नका. तुमच्या भागातल्या नेमक्या त्या आपत्तीसाठी महसूल व वन विभागाचा, म्हणजे मदत व पुनर्वसन प्रभागाचा, जो शासन निर्णय निघतो तोच बघायचा. तो शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत असतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत तक्त्यापेक्षा ती पीडीएफ एकदा स्वतः वाचा.

माझं मत स्पष्ट आहे: हे दर तुटपुंजे आहेत. जिरायतीचे ८,५०० म्हणजे एकरी साधारण ३,४४० रुपये. सोयाबीनचं बियाणं, खत, फवारणी आणि मजुरी मिळून होणाऱ्या खर्चाशी याचा मेळ बसत नाही. दर वाढवून मागणं रास्तच आहे आणि ते मागत राहायला हवं. पण जे मंजूर आहे त्यातला एक रुपयाही कागदाच्या चुकीने जाऊ नये, ही लढाई वेगळी आहे आणि ती प्रत्येकाला आपापल्या गटात लढावी लागते.

पावसाआधीच उरकायची कामं

सातबारा आणि आठ-अ काढून बघा. नाव, गट नंबर, क्षेत्र बरोबर आहे का? वडील वारले आणि सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे, अशी घरं गावोगाव आहेत. मदतीच्या यादीत मयताचं नाव येतं, आधार जुळत नाही आणि रक्कम तिथेच थांबते. वारस नोंदीचा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो. २०२५ मध्ये सरकारने जिवंत सातबारा मोहीमही यासाठीच घेतली. भावांमध्ये वाटणीचा वाद असला तरी वारस नोंद थांबवू नका. वारस लावणं आणि वाटणी करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

दुसरं काम शेतकरी ओळख क्रमांकाचं, म्हणजे ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात. ॲग्रीस्टॅकमध्ये नोंदणी करून हा क्रमांक मिळतो. आता पंचनाम्यातच तो मागितला जातो. २०२५ मध्ये ज्यांच्याकडे तो होता त्यांना वेगळी ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) करावी लागली नाही. नोंदणी करताना तुमचे सगळे गट त्याला जोडले गेलेत ना, ते तपासा. दुसऱ्या गावात असलेला गट बऱ्याचदा राहून जातो.

तिसरं, आधारला जोडलेलं बँक खातं. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे सुटूनही न मिळण्याचं हे मोठं कारण आहे. तुम्ही तलाठ्याकडे पासबुकाची झेरॉक्स दिली म्हणून त्याच खात्यात पैसे येतील असं नाही. थेट लाभ हस्तांतरणात (डीबीटी) रक्कम आधार क्रमांकावर पाठवली जाते, आणि त्या आधारशी शेवटी जे खातं डीबीटीसाठी जोडलेलं असेल त्यात ती पडते. मधल्या काळात एखाद्या योजनेसाठी किंवा सिम घेताना पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल आणि तेव्हा संमती दिली असेल, तर पैसे तिकडे जातात. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघता येतं. तिथे दिसणारी बँक तुमच्या रोजच्या वापरातली नसेल, तर हव्या त्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी आधार जोडणीचा फॉर्म भरा. ‘आधार खात्याला लावलंय’ एवढं बँकेतून ऐकून परत येऊ नका. डीबीटीसाठी जोडलंय का, असं विचारा.

चौथं, ई-पीक पाहणी, म्हणजे कोणत्या गटात कोणतं पीक आहे याची मोबाइल ॲपवरून करायची नोंद. घाईत करतात आणि एक रकाना चुकवतात तो सिंचनाच्या साधनाचा. विहीर किंवा बोअर असूनही ‘अजलसिंचित’ (सिंचन नसलेलं) अशी नोंद झाली, तर उद्या पंचनाम्यात तुमचं पीक जिरायत धरलं जायला तेच कारण पुरतं. १७,००० ऐवजी ८,५००. सोयाबीनमध्ये तूर असेल तर मिश्र पीक म्हणून दोन्ही टाका. झाल्यावर नोंद सातबाऱ्यावर आली का, तेही बघा.

पाणी ओसरल्यावर पहिले दोन-तीन दिवस

जीव आणि जनावरं आधी. त्यानंतर, शेत साफ करायला हात लावण्याआधी, फोटो.

फोटो कसे काढायचे? मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण उमटवणारं कॅमेरा ॲप टाका. एक फोटो असा काढा ज्यात ओळखीची खूण आहे: विहीर, बांधावरचं झाड, शेजारची डीपी. मग आत जाऊन जवळचे. नुसतं साचलेलं पाणी दाखवून भागत नाही, कारण अधिकारी येईपर्यंत पाणी गेलेलं असतं आणि सोयाबीन उभं दिसतं. झाड उपटून हातात धरा. काळ्या पडलेल्या शेंगा, शेंगेतच फुटलेले कोंब, कुजलेली मुळं दिसू द्या. कपाशीची सडलेली बोंडं फोडून दाखवा. तूर बहुतेक वेळा लगेच पडत नाही, आठ-दहा दिवसांनी पिवळी पडून वाळत जाते. तेव्हा तिचे फोटो नंतर पुन्हा काढा.

लगेच लेखी अर्ज द्या, ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या (म्हणजे तलाठ्याच्या) नावे, एक प्रत तहसीलला. अर्जात गट नंबर, एकूण क्षेत्र, बाधित क्षेत्र, पीक, तारीख, नुकसानीचं कारण. दोन प्रती करा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच दिली जात नसेल तर तहसील कार्यालयाच्या आवक शाखेत द्या, तिथे शिक्का मिळतो. तोंडी सांगितलेलं कुठेही नोंदलं जात नाही.

कारण लिहिताना एक काळजी घ्या. महसूल मंडळात (काही गावं मिळून केलेल्या विभागात) २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी. पण पर्जन्यमापक मंडळाच्या ठिकाणी असतो, तुमच्या बांधावर नाही. तिथे ६० मिमी पडला आणि तुमच्याकडे ढगफुटीसारखा कोसळला, असं होतं. अशा वेळी नदी-ओढ्याचं पाणी शेतात शिरलं असेल तर ‘पूर’ असं स्पष्ट लिहा. धरणातून विसर्ग सोडल्यामुळे पाणी आलं असेल तर तेही लिहा. पुराने झालेलं नुकसान केवळ मंडळातला पाऊस कमी म्हणून नाकारायचं कारण नाही. शिवाय सततच्या पावसालाही राज्याने २०२३ मध्ये मदतीसाठी आपत्ती म्हणून मान्यता दिली आहे. तो निकष वेगळा मोजला जातो, पण दार बंद नाही.

जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला त्याच दिवशी कळवा आणि पंचनामा झाल्याशिवाय पुरू नका. कानातला बिल्ला आणि त्यावरचा बारा अंकी क्रमांक दिसेल असा फोटो घ्या. वाहून गेलेल्या जनावराचा मृतदेह मिळत नाही, तेव्हा बिल्ल्याची नोंद, दूध डेअरीचा रतीब, शेजाऱ्यांचे जबाब यावर सगळं अवलंबून राहतं. दुभती गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,००० आणि कोंबडी १०० रुपये, असे दर आहेत. एरवी मोठ्या दुभत्या जनावरांना तीनची मर्यादा असते. २०२५ च्या पॅकेजमध्ये ती उठवली होती. गोठ्याला ३,००० रुपये आहेत, आणि ते मागायला लोक विसरतात.

पंचनामा

पंचनामा करायला तिघं असतात: ग्राम महसूल अधिकारी (आधीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) आणि सहायक कृषी अधिकारी (आधीचे कृषी सहायक). एकेका अधिकाऱ्याकडे दोन-दोन, तीन-तीन गावं असतात, सगळीकडे एकाच वेळी नुकसान झालेलं असतं आणि वरून रोज अहवाल मागितला जातो. त्यामुळे पंचनामे चावडीत बसून होण्याचा मोह असतो. त्यांच्यावरचा ताण खरा आहे, हे मान्य करूनही सांगतो की बांधावर पंचनामा हा तुमचा हक्क आहे, तो नम्रपणे पण ठामपणे मागा. गावात कधी येणार ते आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि त्या वेळी स्वतः शेतात हजर राहा. पुण्या-मुंबईला असाल तर घरातलं कोणीतरी, सातबारा आणि फोटो घेऊन.

सही करण्याआधी वाचायच्या गोष्टी अशा. गट नंबर आणि खाते नंबर बरोबर. पीक कोणतं लिहिलंय, मिश्र पीक सुटलंय का. जिरायत की बागायत की बहुवार्षिक. बाधित क्षेत्र किती. नुकसानीचा टक्का. आणि रकाने कोरे नाहीत ना. कोऱ्या किंवा पेन्सिलने भरलेल्या फॉर्मवर सही करू नका. सही झाली की त्या पानाचा फोटो काढून घ्या.

क्षेत्रात सगळ्यात जास्त गफलत होते, कारण आपण एकर-गुंठ्यात बोलतो आणि कागद हेक्टर-आरमध्ये असतो. चाळीस गुंठ्यांचा एकर, शंभर आरचा हेक्टर, आणि एक गुंठा म्हणजे जवळपास एक आर. तीन एकर म्हणजे १.२१ हेक्टर. हिशेब सोपा करून ठेवा: जिरायतीला आरमागे ८५ रुपये, बागायतीला १७०, बहुवार्षिकला २२५. तीन एकर जिरायत सोयाबीन गेलं तर १२१ गुणिले ८५, म्हणजे १०,२८५ रुपये. तेच बागायत नोंदलं गेलं तर २०,५७०. आणि १.२१ ऐवजी ०.२१ लिहिलं गेलं तर १,७८५. एका आकड्याची चूक साडेआठ हजारांची पडते.

जमीन खरवडली असेल तर ती पिकाच्या पंचनाम्यात विरघळू देऊ नका. तिची वेगळी नोंद हवी. शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ किंवा वाळू साचली असेल तर ती काढायला हेक्टरी १८,००० रुपये आहेत. जमीन खचली, वाहून गेली किंवा नदीने पात्र बदलल्यामुळे गेली असेल तर हेक्टरी ४७,०००, हे अल्प आणि अत्यल्प भूधारकांसाठी. २०२५ च्या पॅकेजमध्ये खरवडलेल्या जमिनीला या ४७,००० शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं आणि गाळाने भरलेल्या विहिरीला ३०,००० रुपये जाहीर झाले होते. गाळाची जाडी पट्टी लावून फोटोत दाखवा. खरवडलेल्या जागी उघडा पडलेला मुरूम आणि शेजारची शाबूत माती एकाच फोटोत येऊ द्या, म्हणजे किती थर गेला हे वाद न घालता कळतं.

बटईने किंवा खंडाने शेती करणाऱ्यांना इथे अवघड जातं. मदत खातेदाराच्या नावावर निघते, घाम कोणाचा गाळला गेला ते कागद बघत नाही. यावर पक्का उपाय सरकारी पातळीवरच व्हायला हवा. तोवर मालकाशी हंगामाच्या सुरुवातीलाच, दोन माणसांदेखत, नुकसान झाल्यास मदत कशी वाटायची हे लिहून घेतलेलं बरं.

यादी, व्हीके नंबर आणि ई-केवायसी

पंचनामे तहसीलमध्ये गेले की गावनिहाय याद्या तयार होतात आणि पोर्टलवर चढतात. तिथे प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, त्यालाच व्हीके नंबर म्हणतात. यादी ग्रामपंचायतीत किंवा ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते.

यादी लागली की फक्त आपलं नाव बघून परतू नका. सगळी वाचा, शक्य असेल तर ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात बोगस लाभार्थी घुसवून कोट्यवधींचा अपहार झाल्याचं चौकशीत पुढे आलं आणि महसूल कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. शेत नसलेल्याच्या नावावर क्षेत्र दाखवलेलं गावातल्या माणसाच्या चटकन लक्षात येतं, मंत्रालयातल्या माणसाच्या नाही.

ज्यांचा शेतकरी ओळख क्रमांक जुळत नाही त्यांना व्हीके नंबर, आधार कार्ड आणि मोबाइल घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सीएससीमध्ये जावं लागतं. तिथे स्क्रीनवर तुमचं नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम दिसते. बोट टेकवण्याआधी ते वाचा, नाहीतर वाचून दाखवायला सांगा. माहिती चुकीची असेल तर तिथूनच तक्रार नोंदवण्याची सोय असते आणि ती तहसीलदारांकडे जाते. आधी मान्य करून मग तक्रार करण्यापेक्षा हे किती तरी सोपं. पावती मात्र न घेता उठू नका. वयस्कर आई-वडिलांचे ठसे उमटत नसतील तर आधारला मोबाइल जोडलेला असल्यास ओटीपीचा मार्ग असतो.

सातबाऱ्यावर सामाईक खातं असेल तर इतर खातेदारांचं संमतीपत्र लागतं, की रक्कम अमुक एकाच्या खात्यात जमा करायला हरकत नाही. बहीण सासरी असेल, एखादा भाऊ परगावी असेल, तर हे कागद फिरवण्यात महिना जातो. पंचनामा झाला की लगेच सुरुवात करा, यादीची वाट बघू नका.

पैसे सुटले, पण हातात नाहीत

आधी आधारला जोडलेल्या खात्याची नोंद काढा. दुसऱ्याच बँकेत पडले असतील तर तिथे कळेल. रक्कम खात्यात दिसते पण काढता येत नाही, असं असेल तर बँकेने पीक कर्जापोटी होल्ड लावलेला असण्याची शक्यता आहे. मदतीच्या शासन निर्णयांत स्पष्ट लिहिलेलं असतं की या रकमेतून कोणत्याही बँकेने कोणत्याही प्रकारची वसुली करू नये. शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या, त्या परिच्छेदाला खूण करून शासन निर्णयाची प्रत जोडा, आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला. काउंटरवरची हुज्जत याच्यासमोर काही कामाची नाही.

पीक विमा वेगळा, हे इथे सांगायलाच हवं. एकाची रक्कम आली म्हणून दुसऱ्याची थांबत नाही. मात्र खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयाचा विमा बंद झाला, शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना पाच टक्के झाला, आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर आली. ‘७२ तासांत तक्रार करा’ हे जुने मेसेज अजून फिरतात. तुमच्या हंगामाच्या योजनेत ती तरतूद आहे का, ते बघूनच त्यावर विसंबा.

नाव सुटलं किंवा रक्कम चुकली तर

तहसीलदारांकडे लेखी हरकत, सोबत पोच असलेला पहिला अर्ज, फोटो, सातबारा आणि पंचनाम्याच्या पानाचा फोटो. तिथे हललं नाही तर उपविभागीय अधिकारी, मग जिल्हाधिकारी. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. आपले सरकार पोर्टलवर तक्रार टाकली की क्रमांक मिळतो, तो जपून ठेवा. एकट्याने जाण्यापेक्षा एकाच गटातल्या, एकाच ओढ्याकाठच्या आठ-दहा जणांनी मिळून अर्ज दिला तर नकार देणं अवघड होतं, कारण शेजारच्या शेताला मदत आणि मधल्याला नाही, याचं उत्तर लेखी द्यावं लागतं. पंचनाम्यासाठी किंवा नाव घालायला कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

उत्तरच येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून तहसील कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. त्यात ‘मला मदत का नाही’ असा प्रश्न विचारू नका, कारण या कायद्यात कागद मागता येतात, खुलासा नाही. मागायचं ते असं: गट क्रमांक अमुकच्या पंचनाम्याची साक्षांकित प्रत, गावाची पात्र-अपात्र यादी, आणि माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची टिपणी. तीस दिवसांत माहिती द्यावी लागते. नाही आली तर त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या तीस दिवसांत अपील करायचं, आणि त्यालाही आधीच्या अर्जाची पोच जोडायची.